दौलतआबांची झोप

काच फुटली तेव्हा मी बळवंततात्यांना चमच्याने पाणी पाजत होते.

आयसीयूच्या दाराची ती भली मोठी काच एका दणक्यात खाली आली. पाठोपाठ आमचा वॉचमन आत येऊन पडला, उताणा, कपाळ फुटलेला. त्याच्या अंगावरून पाय टाकून जोतीराम आत शिरला. हातात सलाईनचा लोखंडी स्टँड, मागं पाच-सहा जण, आणि सगळ्यांच्या पायात चपला. माझ्या आयसीयूत चपला! खरं सांगते, समोर माणूस रक्तबंबाळ पडलेला असताना माझ्या डोक्यात पहिली तिडीक गेली ती त्या चपलांची.

"चपला काढा आधी!" मी ओरडले.

जोतीरामनं स्टँड फिरवला आणि तात्यांच्या उशाचा मॉनिटर फोडला.

"माजा बाप कुठं हाय?"

त्याचा बाप पडद्याच्या पलीकडच्या खाटेवर होता. गाढ झोपेत, घशात नळी घातलेला. मीच झोपवलेला. आणि त्याला सकाळच्या आत उठवायचं नाही, हे ठरलेलं होतं. का ठरलं होतं आणि कुणी ठरवलं होतं, ते सांगते.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. कोल्हापुरातलं आमचं हृदयाचं हॉस्पिटल तेव्हा नवं होतं. मी तिथली भूल देणारी डॉक्टर, कुसुम मगदूम. किणीकर म्हणून सर्जन होते, ते छाती उघडायचे. माणसाला झोपवायचं आणि परत उठवायचं हे काम माझं. लोकांना वाटतं झोपवणं अवघड. झोपवायला काय, कुणीही झोपवेल, उठवून दाखवा म्हणावं. जुन्या पद्धतीत आम्ही फेंटॅनिल या भुलीच्या औषधाचे असे दणदणीत डोस द्यायचो की बायपास झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निपचित. त्याचा श्वाससुद्धा मशीन घ्यायचं. नव्या पद्धतीत औषध थोडं आणि लवकर उतरणारं, जोडीला ड्रिपमधून एक हलकं गुंगीचं. माणूस त्याच संध्याकाळी बोलायला लागतो, असं परदेशातली मासिकं छापत होती. आमच्या तंबाखू मळणाऱ्या, तांबडा रस्सा भुरकणाऱ्या छात्यांना ते मानवतं का, हे मला बघायचं होतं. म्हणून अभ्यास सुरू केला. काहींना जुनी पद्धत, काहींना नवी. कुणाला कुठली, हे मी ठरवायचं नाही, पेशंटनंही नाही. ऑपरेशनच्या सकाळी एक बंद पाकीट फोडायचं आणि आत निघेल ते द्यायचं.

हे पाकीट प्रकरण खोचरवाडीच्या दोन म्हाताऱ्यांना समजावून सांगायला मी आदल्या दिवशी वॉर्डात गेले होते. बळवंत खोचरे आणि दौलत खोचरे. सख्खे चुलतभाऊ, एकाच आजोबाचे नातू, म्हणून हृदयही एकाच घाटणीचं. दोघांच्याही तीन-तीन नळ्या तुंबलेल्या. शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या म्हणून दोघांनी सकाळपासून हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं. शेवटी रूथसिस्टरनं मधे पडदा लावला.

मी पडद्याच्या टोकाशी उभी राहून दोघांना एकदमच सांगितलं. बळवंततात्या मिशीवरून हात फिरवत ऐकत होते.

"म्हंजे पाकिटात काय निघंल, त्ये तुमाला बी म्हाईत न्हाई?"

"नाही. दोन्ही औषधं चांगलीच आहेत. जास्त चांगलं कुठलं, तेच शोधायचंय."

"आरं तिच्या! म्हंजे ईश्वर चिठ्ठीच की ओ!" तात्या खूश होऊन हसले.

पडद्याच्या त्या बाजूनं दौलतआबांचा आवाज आला. "त्येला आवडतीच चिठ्ठी. चिठ्ठीवरच सरपंच झालंय न्हवं त्ये."

"देवानं केला मला सरपंच."

"देवानं? घागरीत माजी चिठ्ठीच न्हवती, तर देव काय करंल?"

"हुती!"

"न्हवती!"

आबा उठून बसले, तात्यांनी पडदा ओढला. मी दोघांचीही मनगटं धरली, दोघांचीही नाडी तटतट उडत होती.

"गप्प बसा दोघं!" मी म्हटलं. "उद्या दोघांच्याही छातीच्या हाडावर करवत चालणार आहे. आज भांडायचं असेल तर घरी जाऊन भांडा, खाटा मोकळ्या करा माझ्या."

आबांच्या पायथ्याशी त्यांचा मुलगा उभा होता, जोतीराम. तिशीतला, तालमीतला गडी, मान आणि खांदा एकच. डबा घेऊन आला होता. अतिशय अदबीनं बोलला. "बाई, तुमी रागावू नका. लई जुनं हाय त्ये. मी शाळंत हुतो. सरपंचकीला दोघास्नी सारकी मतं पडली. मग निवडनुकीच्या सायबानं घागरीत दोन चिठ्ठ्या टाकल्या आन् शाळंतल्या एका पोरीला एक काढाय लावली. तात्याचं नाव निघालं, गुलाल उडाला. आबा म्हनलं, दुसरी दावा. सायबानं घागर पालथी केली, तर आत काय न्हाई."

"मग?"

"मग काय. आमी तेंच्या गवताच्या गंजी जाळल्या. तेंनी माज्या चुलत्याची नडगी फोडली. खाटंवर घालून आनला हुता चुलत्याला, हाड भाईर आल्यालं. मी धरलं हुतं खाटंचं एक टोक." एवढं सांगून त्यानं बापाचे पाय चेपायला घेतले. "आबा, चिठ्ठीबिठ्ठी नको. पुन्यांदा नको."

तेवढ्यात बळवंततात्यांनी माझ्याकडून कागद ओढून घेतला आणि सही ठोकली. आबांनी ती पडद्याच्या फटीतून बघितली.

"त्येनं केली? मग हिकडं बी आना. त्यो चिठ्ठीला भीत न्हाई आन् म्या भितो व्हय?"

अशी ती संमती. समजून उमजून दिलेली म्हणतात ना, ती.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दोन ऑपरेशन थिएटरांत दोघं पाठोपाठ आडवे झाले, आधी तात्या, मग आबा. पाकिटं फोडली. तात्यांना नवी पद्धत, आबांना जुनी. दोन्ही ऑपरेशनं सुरेख झाली. किणीकर तर शीळ घालत बाहेर आले. दुपारी चहाच्या सुमाराला तात्यांनी डोळे उघडले. हात दाबा म्हटलं, दाबला. मान उचला म्हटलं, उचलली. मी नळी काढली. माझ्या अभ्यासातला इतक्या लवकर उठलेला पहिला माणूस! मला तर तिथं फुगडी घालावीशी वाटत होती.

घोगऱ्या आवाजात त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"दौलत्या उठला?"

"नाही. ते सकाळी उठतील."

"म्हंजे म्या जितलो." हसायला गेले आणि कळ आली म्हणून छातीवर हात दाबून धरला. मी म्हटलं, असाच धरायचा हात, हसताना, खोकताना. हाड तारेनं बांधलंय, अजून जुळलेलं नाही, जपा. मग कुजबुजल्यासारखे म्हणाले, "बरा हाय न्हवं पर त्यो?"

"ठणठणीत आहे."

"हं," म्हणाले आणि पाणी मागितलं.

रूथसिस्टरनं बाहेर जाऊन तात्यांच्या माणसांना सांगितलं की तात्या बोलले. बोलले म्हटल्याबरोबर पोरांनी काय करावं? हॉस्पिटलच्या पायरीवर गुलाल उधळला. फटाक्यांची माळ लावली. अहो, हृदयाचं हॉस्पिटल, वर माणसं टाक्यांनी शिवलेली, आणि खाली माळ! मी खिडकीतून शिव्या घातल्या, कुणाला ऐकू जाणार? त्याच पायरीवर दौलतआबांची माणसं सकाळपासून उपाशी बसली होती. तात्यांच्या एका पुतण्यानं जाता जाता गुलालाची मूठ जोतीरामच्या डोक्यावर रिकामी केली. "ह्या बी येळंला आमचीच चिठ्ठी!" असं म्हणाला म्हणे.

जोतीराम वर आला. काचेतून त्याला बाप दिसला. डोळ्यांवर चिकटपट्ट्या, तोंडात नळी, अंग पिवळं पडलेलं. त्यानं काचेवर हात मारून हाका मारल्या. बाप हलला नाही. वॉचमननं त्याला मागं ढकललं. पुढं काय झालं, ते सुरुवातीला सांगितलंच.

तर मॉनिटर फुटला आणि जोतीरामनं मधला पडदा कड्यांसकट खाली ओढला. केसांत, भुवयांत गुलाल होता. बापाकडं बघून त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

"मारला! माजा बाप मारला ह्येंनी आन् मशिनीवर ठेवलाय!"

"जिवंत आहे!" मी मधे घुसले. "ते बघ, ठोके दिसतायत. हात लावून बघ, अंग गरम आहे."

"मग उठीव त्येला."

"उठणार नाही आत्ता."

"त्यो उठला की! पानी पितोय! माजा का न्हाई उठत?"

"त्यांना वेगळं औषध होतं."

"कुनी ठरीवलं?"

"पाकिटानं."

शब्द तोंडातून गेला आणि त्याचा चेहरा बदलला. मागच्यांतला एक जण म्हणाला, "उतारा आसंल की ह्यावर. द्या म्हनावं उतारा." मी म्हटलं, उतारा आहे, पण आत्ता दिला तर दचकून उठतील, रक्तदाब उसळेल आणि हृदयावरचे टाके उसवतील. ते कोण ऐकतंय! जोतीरामच्या मागच्यांनी औषधांची कपाटं पाडायला सुरुवात केली होती. बाटल्या फुटत होत्या, स्पिरिटचा वास डोळ्यांत जात होता. तिसऱ्या खाटेवरची बाई देवाचा धावा करत होती. जोतीराम श्वासाच्या मशीनकडं वळला.

रूथसिस्टर हात पसरून मशीनसमोर उभी राहिली. काडीसारखी बाई ती. "दादा, नको," एवढंच म्हणाली. त्यानं स्टँड तिच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आम्ही ऑपरेशनमध्ये रोज ऐकतो, पण तो असा ऐकवत नाही. ती खाली बसली आणि बसल्या बसल्या मशीनच्या वायरवर आडवी पडली.

मग माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पाच फुटांची बाई मी, हाताला स्टीलचा किडनी ट्रे लागला तो त्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. त्याचं नाक फुटलं. त्यानं माझा अंबाडा धरला आणि डोकं खाटेच्या दांडीवर आपटलं. एकदा, आणि परत एकदा. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं, पाय गेले, मी फरशीवर काचांत पडले. उठायला जाते तर हात घसरायचे.

खालूनच मला दिसलं, जोतीरामनं बापाच्या तोंडातली नळी धरली होती.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "जोतीराम, औषधानं त्यांचा श्वास बंद आहे! ते मशीन श्वास घेतंय! नळी काढलीस तर तुझा बाप श्वास घेणार नाही, आत्ताच्या आत्ता मरेल तुझ्या हातात!"

"खोटं! नळी घालून गळा तूच दाबलायस त्येचा!" तो नळीची गालावरची चिकटपट्टी ओरबाडायला लागला. एका बाजूची निघाली. दुसरीला नख लावलं.

"जोत्या!"

इतका घोगरा आवाज की मला आधी कळेना कुणाचा. बळवंततात्या खाटेच्या कडेला उठून बसले होते. पाय खाली सोडलेले, छातीतून निघालेल्या दोन नळ्या लोंबत होत्या, एक हात मी सांगितला तसा छातीवर दाबलेला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"जोत्या, घागरीत तुज्या बापाची चिठ्ठी न्हवतीच."

सगळे थांबले. कपाट पाडणारेही थांबले.

"एकच टाकली हुती. माजी. सायबाला म्या फितीवला हुता." ते दम खात होते. "तुजा बाप येवडी वर्सं खरं बोलत हुता. समद्या गावानं त्येला येड्यात काडला, म्या काडाय लावला."

"तात्या, आडवे व्हा!" मी फरशीवरून म्हटलं. "बोलू नका!"

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "तुज्या चुलत्याची नडगी बी म्याच फोडाय सांगितली. मागनं मारा म्हनलं हुतं, तोंड दावू नगा म्हनलं हुतं. आरं ये की हिकडं! झोपल्याल्या म्हाताऱ्याला काय धरून बसलाईस? जागा म्हातारा हितं बसलाय."

जोतीरामचा हात नळीवरून सुटला.

त्यानं खाली पडलेला स्टँड उचलला. मी त्याचा पाय धरला. त्यानं मला काचांवरून तसंच फरफटत नेलं आणि झटकलं. मी ओरडत होते, झोपा, तात्या, झोपा, हात छातीवर ठेवा. तात्या झोपले नाहीत. त्यांनी छातीवरचा हात काढला आणि खाटेच्या दांडीला धरलं, माणूस घोड्यावर बसताना धरतो तसं.

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा बरोब्बर छातीच्या मधोमध, किणीकरांनी सकाळी शिवलं होतं तिथं. तारा तुटल्या. नळीला जोडलेली बाटली बघता बघता लाल झाली, भरली आणि उलटली. तिसरा घाव घालायला जोतीरामनं हात उचलला आणि तसाच राहिला, कारण तात्या आता बसलेले नव्हतेच.

त्याची माणसं पळाली. तात्यांचे पुतणे जिना चढून आले, अंगावर गुलाल तसाच. त्यांनी जोतीरामला त्या काचांवर पाडून तुडवला. त्यानं एक हातसुद्धा वर केला नाही. पोलीस आले तेव्हा त्याला ओढून काढावं लागलं.

मी आधी दौलतआबांकडं गेले. सुटलेली चिकटपट्टी परत लावली, छातीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजूंना हवा जातेय ना ऐकलं. जात होती. आबा झोपेत होते, लहान मूल झोपतं तसे, कशाचा म्हणून पत्ता नव्हता त्यांना. मग डोक्याला पट्टी आवळून मी थिएटरमध्ये पळाले. किणीकरांनी तात्यांची छाती पुन्हा उघडली. मोडलेल्या हाडाची कड हृदयात घुसली होती. आम्ही रक्त देत होतो आणि ते फरशीवर येत होतं. दिवेलागणीला किणीकरांनी दोन्ही हात मागं घेतले.

मी रडले. रागानं रडले. गाढव म्हातारा! इतकी वर्षं पोटात ठेवलेलं पाप ओकायला हाच मुहूर्त मिळाला होता? सकाळपर्यंत कळ काढली असती तर दोघंही चालत घरी गेले असते. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. माझा तो अभ्यास पुढं छापून आला. नव्या पद्धतीच्या गटात एक मृत्यू आहे त्यात. एका परिषदेत कुणीतरी विचारलं, कारण काय होतं? मी म्हटलं, पेशंट लवकर जागा झाला. सगळे हसले, त्यांना वाटलं बाई विनोद करतेय.

दौलतआबा मात्र ठरल्याप्रमाणे सकाळी उठले. जुनी पद्धत घड्याळासारखी चालली. डोळे उघडले, हात दाबला, नळी निघाली. रूथसिस्टरच्या जागी दुसरी सिस्टर होती, दाराला काचेऐवजी चादर बांधलेली होती. आबांनी ते सगळं हळूहळू बघितलं आणि शेवटी माझी पट्टी बघितली.

"बाई, डोस्क्याला काय झालं?"

खालून बायकांचं रडणं वर येत होतं. तात्यांना न्यायला गावाहून सगळी आली होती.

"कोन गेलं?"

किणीकरांनी बजावलं होतं, दोन दिवस काही सांगायचं नाही. पण माझं डोकं ठणकत होतं, रूथच्या हाताचे दोन तुकडे झाले होते, आणि हा माणूस ताजातवाना होऊन विचारत होता. मी सांगून टाकलं. "तुमचे बळवंततात्या गेले. तुमच्या मुलानं मारलं. इथं, या खाटेवर."

त्यांचे ठोके वाढले. मी औषधाची सुई हातात घेतली.

"कशापायी?"

"तात्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं म्हणून."

"काय कबूल केलं?"

"घागरीत तुमची चिठ्ठी नव्हतीच. एकच टाकली होती, त्यांची. साहेबाला फितवलं होतं."

"त्यो म्हनला आसं? बळ्या म्हनला?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

त्यांनी तोंड छताकडं वळवलं. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं, ते पुसायलाही हात उचलेना. मग म्हणाले, "जोत्याला आना."

"तो पोलिसांकडं आहे."

"आना बाई. न्हाईतर म्या उठतो."

आणि खरंच कोपर टेकून उठायला लागले. जोतीरामच्या हाताच्या शिरा काचेनं कापल्या होत्या, म्हणून पोलिसांनी त्याला आमच्याच खालच्या ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं होतं. मी स्वतः जाऊन हवालदाराशी भांडले आणि त्याला वर आणलं. का आणलं, मलाही सांगता येणार नाही. त्याचा एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेले, हाताला बेडी आणि बेडीला दोर. दोराचं टोक हवालदाराच्या हातात.

बाप जागा दिसला मात्र, तो पोरासारखा हुंदके देत खाटेच्या पायथ्याशी कोसळला. बापाचे पाय धरले.

"आबा! उटला तुमी! आबा, मला वाटलं तुमी गेला." मग मान वर करून, त्या फुटक्या तोंडानं हसत म्हणाला, "आबा, कबूल केलं त्येनं. समद्यांम्होरं. तुमी म्हनत हुता तेच खरं निघालं. म्या सोडला न्हाई त्येला."

आबांनी पाय ओढून घेतले.

"जोत्या, चिठ्ठी हुती."

"कंची?"

"माजी. घागरीत हुती." आवाज इतका बसलेला की हवालदारसुद्धा पुढं वाकला. "पोरीनं बळ्याची काडली. गुलाल उडाला, समदी तकडं धावली. घागरीपाशी म्या येकलाच हुतो. हात घातला, चिठ्ठी काडली, वाचली. दौलत गनपती खोचरे. माजंच नाव." त्यांनी आवंढा गिळला, घसा सोलवटलेला असल्यानं चेहरा वाकडा झाला. "तोंडात टाकली आन् गिळली. मग वराडलो, दुसरी दावा म्हनून."

"न्हाई, आबा."

"हरल्याचं सोसलं न्हाई मला."

"न्हाई! चुलत्याची नडगी... गंजी... आबा, तात्या सवता म्हनलं, एकच टाकली! सवताच्या तोंडानं म्हनलं!"

"खोटं बोलला त्यो. चिठ्ठीत त्येनं कायबी केलं न्हवतं."

"मग कशापायी म्हनलं त्ये आसं? मरायचं व्हतं व्हय तेस्नी?" जोतीराम ओरडला. दोर ताणला गेला, हवालदारानं त्याला मागं खेचलं.

आबांनी मान माझ्याकडं वळवली.

"बाई, बळ्या आसं म्हनला तवा ह्येचा हात कुठं हुता?"

जोतीरामही माझ्याकडं बघायला लागला.

"तुमच्या नळीवर," मी सांगितलं.